खुर्चीवरचा एप्रन

९ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने ऐकतेस, म्हणून पत्र. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, त्याला हसू नकोस. आज सकाळी पेन धरायलाच अर्धा चहा गार झाला.

दुखण्याला नाव मिळालं. संधिवातच, पण म्हातारपणीचा तुझ्यासारखा नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचं शरीर स्वतःलाच परकं समजून भांडतंय. मी विचारलं, समेट कधी होईल? ते म्हणाले, समेट नाही, गोळ्यांवर तह. तोही जन्मभराचा. चांगले दिवस येतील, वाईट येतील, आणि कुठला कधी येणार ते आदल्या दिवशी कळणार नाही. वाईट दिवशी मला कुर्त्याची बटणं लावता येत नाहीत, मावशी. काल वेणीही नाही घालता आली. तशीच बसून रडले, मग भूक लागली म्हणून उठले.

खरी धास्ती कामाची आहे. तुला माहीत आहे माझं काम, तू सगळ्यांना सांगतेस "आमची टिटवी डोळे बनवते" आणि लोक घाबरतात. समोर माणूस बसतो, खिडकीपाशी, उजेडात. त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत मी दुसऱ्या, नकली डोळ्याचं बुबुळ रंगवते. मग लाल रेशमाचा एकेक तंतू उसवून त्याच्या शिरा लावते. नखाएवढ्या जागेत सगळा खेळ. शिवाय आमच्या कारखान्याचा नियम असा की डोळा ज्या हाताने सुरू केला त्याच हाताने संपवायचा. दोन हातांचा डोळा मेलेला दिसतो. म्हणजे मी आले नाही तर माझं काम कुणी उचलूही शकत नाही.

माझ्या आधीचे चितारी काका आठवतात? त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मालकांनी त्यांना फार गोड बोलून घरी पाठवलं. ते अजून कधी तरी येतात, दाराशी उभे राहतात आणि जातात. मला ते व्हायचं नाही. हे एकच काम मला येतं आणि ते करताना मी मला आवडते.

परवा एक गंमत झाली. आमच्याकडे खुर्चीवर एप्रन दिसला की माणूस आलेलं आहे, इकडेतिकडे गेलं असेल, असं धरतात. मी संध्याकाळी एप्रन खुर्चीवर विसरले आणि दुसऱ्या दिवशी उठूच शकले नाही. दिवसभर कुणी विचारलंदेखील नाही! पॉलिशवाल्या बाई तेवढ्या ओळखून होत्या. त्यांना मी सगळं सांगितलंय.

मालकांना सांगून टाकू का? तू म्हणशील तसं करीन.

तुझी टिटवी

-----

१७ जानेवारी

प्रिय टिटवे,

खबरदार सांगितलंस तर.

पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी तर सध्या नीट झाकतही नाही, म्हणून जास्तच जप. शाळेत शिवण शिकवायचे तेव्हा माझे गुडघे कुणाला कळले होते का? सगळ्या बायका म्हणायच्या, या कधी बसतच नाहीत, काय उत्साह! अगं, बसले तर उठता येणार नाही म्हणून उभी असायचे. घरी येऊन मग पलंगावर आडवी, आणि शेक. लोकांना दुखणं सांगितलं की ते आधी कीव करतात, मग सल्ले देतात आणि मग तुझ्या जागी दुसरी बघतात. चितारी काकांचं तूच लिहिलंस.

तुझ्या त्या पॉलिशवाल्या बाई देवमाणूस दिसतात. त्यांना सांग, जमणार नाही त्या दिवशी एप्रन खुर्चीवर टाका आणि कुणी विचारलं तर म्हणा, आत्ता इथेच होती. चांगल्या दिवशी तू दुपटीने काम कर, म्हणजे हिशेब सरळ. यात कुणाचं काही बिघडत नाही.

आणि रडायचं तर जेवून रडत जा. उपाशीपोटी रडलं की डोकं दुखतं.

तुझी मावशी

-----

२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा एप्रनचा मंत्र चालला. फारच चालला.

या महिन्यात बरेच दिवस अंथरुणात गेले. बाई सकाळी एप्रन टाकतात, संध्याकाळी काढतात. कुणी विचारलं की "आत्ता इथेच होती." गंमत म्हणजे आता दुसरेही तसंच म्हणायला लागलेत. साचेवाले म्हणाले, "हो, मघाशी गेली माझ्यासमोरून." मालक बाईंना म्हणाले, "हल्ली ही मुलगी जागची हलत नाही, फार मन लावून करते." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण परवाचं ऐक. एका मास्तरांचा डोळा मी अर्धा सोडला होता. तपकिरी बुबुळ, नुसता पहिला हात. मग वाईट दिवस आले. परत गेले तर डोळा पुरा. शिरा लावलेल्या, पॉलिशला द्यायला तयार. आणि बुबुळात खालच्या अंगाला एक बारीक पिवळा ठिपका. तो मी कधी पाहिलाच नव्हता. मास्तर आले, त्यांच्या चांगल्या डोळ्यात बघितलं, तर अगदी तिथेच ठिपका. मास्तरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "परवा तुम्ही इतका वेळ बघत होता, मला वाटलं काय बघताय एवढं!"

ते म्हणत होते त्या दिवशी मी घरी होते.

काम सुरेख होतं, मावशी. वळणही माझंच, फक्त माझ्या चांगल्यात चांगल्या दिवसाचं. बाईंनीच केलं असणार, आणि मास्तरांनाही त्यांनीच पढवलं असेल. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी चेष्टा करतेस होय? मला साधी रेघ तरी मारता येते का?" मला खूश व्हावं की काय करावं ते कळेना.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसतं म्हणतेस?

तुझी टिटवी

-----

२ मार्च

प्रिय टिटवे,

सुखरूप पोचले. तुझी फजिती करायची म्हणून न सांगता आले होते. बुधवारी तुमच्या शहरात डोळे तपासायचे होते (माझे, खरे), तिथून थेट तुझ्या कारखान्यात.

आणि पोरी, काय सांगू! तुझी पत्रं वाचून मी मनात काहीबाही चित्र केलं होतं. आणि तू बसलेली खिडकीपाशी, पाठ ताठ, ब्रश असा धरलेला की सुईत दोरा ओवावा. मला बघून उठलीस, खुर्ची दिलीस. त्या रंगाच्या बाटलीचं झाकण बसलेलं होतं, ते एका हाताने काढलंस! वेणी किती छान घातली होतीस. मी दोन विनोद केले, तू हसलीस. मग म्हणालीस, काम आहे, आणि मी निघाले.

सगळ्या रस्ताभर मी खिडकीशी बसून हसत होते. शेजारच्या बाईला वाटलं असेल, म्हातारीला वेड लागलं वाटतं. म्हटलं लागू दे. गोळ्यांचा गुण आला. आता पुन्हा म्हणून दुखण्याचं नाव काढू नकोस.

ते ठिपक्याचं विसर. तापात माणूस काम करतं आणि विसरतं. माझ्या एका मैत्रिणीने तापात अख्खा स्वेटर विणला होता.

तुझी मावशी

-----

६ मार्च

मावशी,

बुधवारी मी दिवसभर खोलीत होते. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला तरी सांडला म्हणून चादर बदलायची होती, ती बदलता आली नाही. तशीच ओल्यात पडून राहिले. खालच्या मजल्यावरची बाई दुपारी भात घेऊन आली होती, तिला विचार.

तू कुणाला भेटलीस?

मला सगळं लिही. ती कशी बोलली, काय म्हणाली, हात कसे होते. मी काल कारखान्यात गेले तर सगळे नेहमीसारखे. बाईंना म्हटलं, बुधवारी एप्रन टाकला होतात ना? त्या म्हणाल्या, "एप्रन आता कशाला टाकू? हल्ली तू रोजच येतेस की." आणि मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "आज सुजलेत का गं? काल तर बरे होते."

मावशी, त्या खोटं बोलत नव्हत्या. मला भीती वाटते. कामाला जायची भीती वाटते आणि न जायचीही. मी गेले नाही तर कुणाला कळणारच नाही. मालक माझ्यावर इतके खूश कधीच नव्हते.

टिटवी

-----

११ मार्च

टिटवे,

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. म्हटलं, ही म्हातारीची थट्टा करतेय. मग राग गेला आणि ती भेट पुन्हा आठवत बसले.

हात नितळ होते. एकही गाठ नव्हती. आणि ती तासभर एका जागी बसली होती, एकदाही तिने बैठक बदलली नाही, की मान मोडली नाही. तू लहान होतीस तेव्हासुद्धा अशी बसली नाहीस. विनोदाला हसली, पण मी थांबले की हसली. आणि माझे गुडघे विचारले नाहीत. तू मेलीस तरी आधी माझे गुडघे विचारशील. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण मी इतकी खूश होते की खटकलेलं पदराखाली झाकलं.

मी दिलेला सल्ला मागे घेते. आधी बाईंनी सांगितलं, ती इथे आहे. मग साचेवाल्यांनी, मग मालकांनी. इतक्यांनी सांगितल्यावर कुणीतरी येऊन बसलं. मला याहून शहाणपणाचं काही सुचत नाही.

तू जा, आणि वाईट दिवशीच जा. वेणी नाही घातली तर तशीच जा. आणि सगळ्यांसमोर सांग. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, चटणी-भाकरी खाऊ. पण तुझी जागा अशी देऊन टाकू नकोस गं.

मावशी

-----

१९ मार्च

प्रिय मावशी,

गेले.

मंगळवार वाईट होता, फार वाईट. घरमालकांची काठी मागून घेतली, गाडी करून गेले. जिना चढायला इतका वेळ लागला की वर पोचेपर्यंत सकाळ संपत आली. दार उघडलं. ती माझ्या खुर्चीत होती. मागून बघितली, माझीच मान. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि ती त्यांचा डोळा रंगवत होती.

बाई पॉलिशच्या चाकावरून उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?"

मावशी, ज्या बाईंनी महिना महिना माझ्यासाठी थापा मारल्या, त्यांनी मला ओळखलं नाही. मला एवढंच म्हणता आलं, "मला बसायचंय." त्यांनी फार मायेने मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं. तेवढ्यात तिने मान वळवली. मला बघून दचकली नाही. आम्ही नव्या माणसाकडे बघतो तशी ती माझ्या डोळ्यांत बघू लागली, आधी डावा, मग उजवा, आणि बघता बघता पुसायच्या फडक्यावर ब्रशने रंग लावून बघितला. रंग बरोबर होता.

मग मी बोलले. मोठ्याने बोलायचं ठरवलं होतं, आवाज कुठला निघतोय. म्हटलं, "मालक, मी तुमची चितारी. मला संधिवात आहे. तो जाणार नाही. जानेवारीपासून मी निम्मे दिवस आलेले नाही. खुर्चीवर नुसता माझा एप्रन होता."

मग बाईंनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, टिटवी!" आणि धावत येऊन माझे हात धरले, इतके जोरात की मी ओरडले. त्या गडबडीत खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. बघितलं तेव्हा ती रिकामी होती. ते म्हातारे गृहस्थ मात्र तसेच मान वर करून बसले होते. म्हणाले, "हलू का आता? त्या बाईंनी हलू नका म्हणून सांगितलंय."

मालकांनी रिकामी खुर्ची हाताने चाचपून बघितली. मग म्हणाले, "मी काय वाघ होतो का? आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "चितारी काका." ते खाली बघायला लागले. आता ठरलं ते असं: दुपारी यायचं, जमेल तेवढे डोळे घ्यायचे, ब्रशला जाड मूठ बसवायची, आणि न आले तर न आले असं सांगायचं. एकाच हाताचा नियमही मोडला. शिरा आता बाई शिकताहेत. पहिल्या शिरा बघून साचेवाले म्हणाले, हा डोळा रात्रभर जागलेला दिसतो. मालक आतून कुरकुरतात, पगारही खाली आला, पण खुर्ची माझी आहे.

फक्त तिने रंगवलेले सगळे डोळे बघून लोक मला म्हणतात, "अगदी पूर्वीसारखा करा." ते माझ्याच्याने होत नाही आणि बहुधा होणारही नाही.

लगेच उत्तर लिही. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार?

तुझी टिटवी

-----

१६ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र नाही. एवढा वेळ तू कधी लावत नाहीस. रागावलीस का?

काल फोन केला. तू नाही उचललास, दुसऱ्याच कुणी तरी उचलला. म्हणाली, "सगळं छान आहे, काळजी करू नका," आणि ठेवला. तू कामाला बाई ठेवलीस का? आवाज कुठे तरी ऐकल्यासारखा वाटला, पण कुणाचा ते आठवेना.

दोन ओळी तरी लिही. नाही तर मीच निघते.

टिटवी

-----

२१ एप्रिल

प्रिय टिटवे,

मी उत्तर लिहिलं नाही, कारण तू इथेच होतीस. आतल्या खोलीत असलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? असं मी स्वतःला रोज सांगत होते. आता खरं ते लिहिते.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र हातात होतं, तेव्हाच दार वाजलं. दारात तू. हातात पिशवी, वेणी घातलेली. म्हणालीस, "तिथे आता जागा नाही." मी पत्र वाचलं होतं, टिटवे. मला पहिल्या क्षणीच कळलं होतं की ही तू नव्हेस. तरी मी दारातून बाजूला झाले.

ती इथे कशी आली, तेही सांगते. मी इथे गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझी भाची ठणठणीत आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, घोड्यासारखी काम करते. तुझ्या दुखण्याचं अवाक्षर मी कुणाला कळू दिलं नाही. जिथे तसं सांगितलेलं असतं तिथे ती येत असावी. इथल्या लोकांनी तिला बघून म्हटलं, "आलीस का गं? मावशी सारखं तुझंच सांगत असतात." तिला कुणाची ओळख करून द्यावी लागली नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. तिने माळा झाडला. पाण्याच्या बादल्या दोन दोन उचलल्या. पोळ्या लाटल्या, बोटं न दुखता. तिच्या हातांकडे मी तासन् तास बघत बसायचे. तू अशी झाली असतीस. असायला हवी होतीस. मला वाटायचं, राहू दे अजून दोन दिवस, मग सांगेन.

परवा तुझं दुसरं पत्र आलं. "नाही तर मीच निघते." वाचताना मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, ही कशाला येतेय? माझ्या तोंडून नाही गं निघालं, नुसतं मनात आलं. पण आलं. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं आणि माझ्या मनात असं आलं. पत्र हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसले होते, आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती, माझं ठरायची वाट बघावी तशी.

मग मी उठले. दार उघडून ओट्यावर गेले आणि शेजारणींना हाका मारल्या. भर दुपारी, चांगल्या चार बायका जमल्या. मी म्हटलं, "ऐका. माझी भाची आजारी आहे. तिच्या हाताला गाठी आहेत, तिला कधी कधी पेला उचलत नाही. ती बरी होणार नाही. तरी ती काम करते. ही कोण आहे ते मला माहीत नाही."

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. घरातून ती पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभी होती. रागावली नव्हती. तिने मला विचारलं, "मग मी आता कुठे जाऊ?" तिने कुणाचं काय बिघडवलं होतं? आपणच बोलावली, आपणच घालवतो आहोत.

ती गल्लीतून चालत गेली. पिशवी घेतली नाही. शेवटच्या घरापर्यंत दिसत होती. त्याच्यापुढे रस्ता सरळच आहे, मधे आडोसा नाही, पण तिथे ती दिसली नाही. मी पिशवी उघडून बघितली, ती रिकामी होती.

दार लावून घेतलं आणि मी रडले. ती गेली म्हणून रडले. तुला राग आला तर येऊ दे, पण बरी झालेली तू मला तेवढीच भेटलीस, आणि मीच तिला बाहेर काढलं.

आता इथे गल्लीभर सगळ्यांना तुझं दुखणं माहीत आहे. पलीकडच्या काकूंनी शेकायची पिशवी पाठवली आहे, दोघी जणी औषधं सुचवून गेल्या, तू वैतागशील. पण तू ये. चांगल्या दिवसाची वाट बघत बसू नकोस. दुखत असेल तर दुखत असतानाच ये, म्हणजे दार उघडल्या उघडल्या मला कळेल की तूच आहेस.

तुझी मावशी